स्टेजवर वारलेला माणूस

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आठ महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं. पोस्टकार्डावर दोनच ओळी: ‘तिघंही आहोत. छावणीत आहोत, पत्ता वर आहे.’ कार्ड इस्त्रीच्या टेबलावर उभं करून ठेवलं आणि कामाला लागले, कारण त्या दिवशी बत्तीस कोटांचे काखेतले टाके उसवून परत घालायचे होते. दुपारी डबा उघडला तेव्हा कुठे रडू आलं. बरोबरच्या बायकांना वाटलं, कुणी गेलं. मी म्हटलं, अगं, कुणी सापडलंय!

मी अजून त्याच मोठ्या थिएटरच्या कपडेपटात आहे. तळघरातली खोली, तीन मशिनं, एक आरसा. आता मुद्द्याचं लिहिते. २८ मार्चला इथे निर्वासितांच्या मदतीसाठी जंगी कार्यक्रम आहे. तीस नामवंत कलाकार एका स्टेजवर, मानधन कुणी घेणार नाही, रेडिओवरून सगळीकडे ऐकवणार. आणि सगळ्यात शेवटी कोण गाणार? तुझे मालक! ज्यांच्या डाव्या हाताला बसून तू एकोणीस वर्षं व्हायोलिन वाजवलंस, तेच. गोळीबार सुरू झाला तेव्हा ते दौऱ्यावर होते, तिकडून थेट इथेच उतरले. आता इथलेच झालेत, आणि तिकडच्यापेक्षा मोठे झालेत.

तुम्हाला इथे आणायला मी परवान्याच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. खिडकीतला माणूस म्हणतो, नवरा-बायको आणि मुलं एवढंच नातं आम्ही धरतो, बहीण-भाऊ नाही. नाहीतर मग इथल्या कुणा प्रतिष्ठित माणसाने हमीपत्र द्यायचं, की याला मी काम देतो. मालकांएवढा प्रतिष्ठित माणूस आपल्या ओळखीत दुसरा कोण? तू त्यांना चार ओळी लिही. माप द्यायला ते माझ्याकडेच येतील, मी हातोहात देईन.

ठकी केवढी झाली? तिच्या उंचीचा दोरा तोडून पाठव. फ्रॉक शिवायला घेते.

ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

आम्ही लोकरीच्या गिरणीच्या गोदामात राहतो, म्हणजे मेंढ्यांपेक्षा एक पायरी वर. एका गोदामात नऊ कुटुंबं. मध्ये दोऱ्या बांधून घोंगड्या टाकल्यात, त्या आमच्या भिंती. डावीकडचा शेजारी झोपेत भांडतो आणि उजवीकडची म्हातारी त्याला जागेपणी उत्तरं देते, त्यामुळे करमणुकीला तोटा नाही. ठकीच्या आईला छावणीच्या भटारखान्यात काम मिळालंय. दोनशे माणसांची भांडी घासते आणि येताना पातेल्याच्या बुडाचं थोडं जास्तीचं आणते.

ठकीला खोकला आहे. सगळ्याच पोरांना आहे. जमिनीच्या फटींत जुन्या लोकरीचा भुगा आहे, झाडलं की उडतो, नाही झाडलं तरी उडतो.

व्हायोलिन शाबूत आहे. पेटीला एक पोचा आलाय तेवढाच. माझीही तब्येत ठणठणीत.

मालकांसाठी चिठ्ठी सोबत ठेवलीये. पैसे मागितलेले नाहीत, फक्त हमीपत्र. शेवटी एक वाक्य मुद्दाम घातलंय: ‘तुमचा आवाज कानांत आहे तोवर मला घर आहे.’ तू हसशील, पण मालकांना तूप लावल्याशिवाय गिळवत नाही हे मला एकोणीस वर्षांत कळलंय.

दोरा पाठवतोय. मोजताना ठकी टाचा उंच करून उभी राहिली होती, म्हणजे दोन बोटं कमीच धर.

तुझा धाकट्या

१३ मार्च

धाकट्या,

काम झालं!

आज मालक माप द्यायला आले. काळा कोट, आत रेशमी अस्तर. मी खांद्याचं माप घेता घेता म्हटलं, ‘माझ्या भावाने चिठ्ठी दिलीये.’ ते गर्रकन वळले. ‘कोण भाऊ? माझा व्हायोलिनवाला? आहे?’ मी म्हटलं, ‘आहे.’ तिथेच, एक बाही नुसती टाचलेली असताना, उभ्या उभ्या त्यांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. डोळ्यांतून पाणी, खोटं नाही. मग घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, ज्या खिशाला मी अजून अस्तरही लावलं नव्हतं. म्हणाले, ‘बाई, कार्यक्रम होऊ दे. दुसऱ्या दिवशी हमीपत्र तुमच्या हातात.’

तो खिसा मी दुहेरी शिवला.

त्यांच्याबद्दल तू नेहमी वाकडं बोलतोस. माणूस मोठा आहे रे. थकलाय, पोट सुटलंय, पण मनाने मोठा आहे.

ताई

३० मार्च

धाकट्या, किंवा ठकीच्या आई, ज्याच्या हाती हे पडेल त्याने वाचावं,

खरं काय ते मला कळवा. चार शब्द लिहा, पण आजच्या आज लिहा.

परवा कार्यक्रम झाला. मी विंगेत गुडघ्यांवर बसून एका नाचणाऱ्या मुलीच्या झग्याची झालर टाचत होते. मालकांचं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. त्यांनी हात वर केला आणि खिशातून कागद काढला. निळ्या रेघांचा. मी लांबून ओळखला. म्हणाले, ‘माझ्या डाव्या हाताला एकोणीस वर्षं एक माणूस बसायचा. आज ती जागा रिकामी आहे.’ मग बराच वेळ थांबले. ‘माझा व्हायोलिनवाला सीमा ओलांडताना गेला. व्हायोलिन छातीशी धरून गेला. हे त्याचं शेवटचं पत्र.’ आणि वाचलं, ‘तुमचा आवाज कानांत आहे तोवर मला घर आहे.’

सगळं थिएटर रडत होतं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ओरडताही आलं नाही. ती मुलगी म्हणाली, ‘ताई, मला टोचतंय,’ तेव्हा बघितलं तर मी टाचणी कापडात न खुपसता तिच्या पोटरीत खुपसत होते.

नंतर त्यांना गाठायला धावले. बोळात ही गर्दी, फुलं, फोटोवाले. त्यांनी मला बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘धीर धरा.’ एवढंच. आणि पुढे गेले.

मला धीर धरायला का सांगितलं? त्यांना काही कळलंय का? तुमचं पत्र येऊन महिना उलटला. मदत समितीची माणसं छावणीत ये-जा करतात, त्यांच्याकडून कळलं असेल. दोन दिवस मी कामावर गेले नाही. ठकीचा फ्रॉक अर्धा शिवून पडलाय, त्याच्याकडे बघवत नाही.

काय असेल ते लिहा. वाईट असेल तरी लिहा.

ताई

११ एप्रिल

ताई,

मी जिवंत आहे. खालची सही माझीच आहे, ‘य’ची शेपटी बघ.

आम्हीही ऐकलं. मदत समितीने मोठ्या कौतुकाने अंगणात कर्णे लावले होते. सगळी छावणी जमली होती. मालकांचा आवाज आला तेव्हा मी ठकीला खांद्यावर घेतलं. शेजाऱ्यांना सांगितलं, हे बघा, आता माझं नाव घेतील. घेतलं. ठकीची आई घासायचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. डावीकडचा शेजारी, झोपेत भांडणारा, त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘अरे, मग माझ्याकडून विडी कोण मागतो रोज?’ सगळे हसले. मीही हसलो. स्वतःबद्दल इतकं चांगलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. उजवीकडच्या म्हातारीने मात्र येऊन माझा हात धरला आणि सोडेचना. ठकी विचारत होती, ‘बाबा, तुम्ही कुठे गेलात? तुम्ही तर इथे आहात.’ तिला मी खाली उतरवलं आणि मग मला हसू आलं नाही.

आता तुला सांगायचं राहिलेलं सांगतो. येताना ट्रकमध्ये माणसं कोंबली आणि फाळका आपटून बंद केला, त्यात माझा डावा हात सापडला. मधली दोन बोटं नाहीत. व्हायोलिन शाबूत आहे म्हणून लिहिलं ते खरंच आहे, वाजवणारा नाही. तेव्हा मालक अगदीच खोटं बोलले असं नाही. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं.

तू रडत असशील तर आता पुरे. त्यांच्याकडे जा, आणि शांतपणे सांग की चूक झाली, दुरुस्त करा, आणि हमीपत्र द्या. हमीपत्रात व्हायोलिनवाला लिहू नका, हमाल लिहा. चालेल.

तुझा धाकट्या

२४ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं, मी ते छातीशी धरलं आणि मग आधी तुलाच शिव्या घातल्या. बोटं गेली आणि ‘ठणठणीत’ म्हणून लिहितोस! पण ते भांडण नंतर.

मालकांच्या घरी गेले. चौथा मजला, गालिचा, भिंतीवर त्यांचेच फोटो. तिथे समितीच्या चिटणीस बाईही बसल्या होत्या. मी तुझं पत्र टेबलावर ठेवलं. म्हटलं, ‘हा जिवंत आहे. तुम्हाला माहीत होतं.’

मालक खाली बघत म्हणाले, ‘ठरवून नाही गेलो हो मी. जागा रिकामी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण समोरची माणसं अशी गप्प झाली. चाळीस वर्षं गातोय, अशी शांतता मला कधी मिळाली नाही. पुढचं वाक्य आपोआप आलं.’

‘मग मला धीर धरा कशाला म्हणालात?’

‘तुम्हाला बघितलं आणि खरंच वाईट वाटलं,’ म्हणाले. धाकट्या, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं रे! तू गेल्याचं वाईट वाटलं होतं.

मी म्हटलं, रेडिओवर सांगा चूक झाली म्हणून. तेव्हा चिटणीस बाईंनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. आवाज अगदी मऊ. ‘बाई, तुमचा भाऊ जिवंत आहे याचा आम्हाला आनंदच आहे. प्रश्न असा आहे की तो कुणाकुणाला सांगायचा. लोकांनी त्या पत्रावर विश्वास ठेवून दिलंय. उद्या ते म्हणतील, हे खोटं तर छावणीही खोटी. हजारो माणसांच्या तोंडचा घास जाईल.’

मी म्हटलं, ‘मग माझ्या भावाने काय करायचं? मरायचं?’

‘नाही नाही,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्या पत्नीला आणि मुलीला आम्ही सहा आठवड्यांत इथे आणतो. दिवंगत कलावंताची विधवा म्हणून. मालक स्वतः हमी देतील. सगळं शांत झालं की तुमच्या भावाचंही बघू.’

मी उठले. मालक दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारलं, ‘हात कसा आहे त्याचा?’ पत्र त्यांनी वाचलं होतं म्हणजे. मी जिना उतरायला लागले.

मी उद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जाते. तुझी सही दाखवते. तू फक्त हो म्हण.

ताई

१७ मे

ताई,

वर्तमानपत्रात जाऊ नकोस. गेली असशील तर परत जाऊन सांग, मी वेडी आहे, भावाच्या दुःखाने डोकं फिरलंय. ते पटकन मानतील.

ठकीच्या थुंकीत रक्त आलं. मंगळवारी फिरता डॉक्टर आला होता. त्याने कान लावला, मला बाजूला नेलं. म्हणाला, थंडीच्या आत हिला या भुग्यातून बाहेर काढा. मी विचारलं, कुठे काढू? म्हणाला, ते मला विचारू नका, मी फक्त काढा एवढंच सांगू शकतो. भला माणूस होता. जाताना ठकीला खडू देऊन गेला.

म्हणून मी यादीवरच्या कारकुनाकडे गेलो. तो मला रोज बघतो, रोज माझ्या हातात पावाचं कूपन देतो. मी म्हटलं, ‘कुटुंबप्रमुख म्हणून ज्याचं नाव आहे तो वारलाय. काढून टाका.’ त्याने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. ‘रेडिओवर ऐकलं खरं,’ म्हणाला. ‘मग तुम्ही कोण?’ मी म्हटलं, ‘त्याच्या बायकोचा धाकटा दीर.’ त्याने रेघ ओढली. पट्टी लावून ओढली, सरळ. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘मी तुम्हाला ओळखत नाही, बरं का.’ माझ्यावर उपकार केले त्याने.

ठकीच्या आईला मी आधी विचारलं नाही, नंतर सांगितलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘तुम्हाला मरणं एवढं सोपं का वाटतं?’ मी म्हटलं, सोपं नाही, पण तयारी आयती झालेली आहे. तिने हातातली ताटली माझ्या अंगावर फेकली. लागली नाही. मग आम्ही दोघं ठकीकडे बघत बसलो.

मालकांना सांग, कागद पाठवा. व्हायोलिन ती बरोबर आणेल. विधवेकडे ते असलेलं बरं दिसेल.

तुझा धाकट्या

२१ जुलै

धाकट्या,

पोचल्या. दोघी माझ्या खोलीत झोपल्यात आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर लिहितेय. ठकी दुपारपासून झोपलीये. तोंड उघडं, पण श्वासाची शिट्टी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आली, औषधाने भरून निघेल. हे आधी लिहिते, कारण तू हेच आधी शोधशील.

विमानतळावर मालक फुलं घेऊन उभे होते, फोटोवाले पंधरा-वीस. चिटणीस बाईंनी ठकीच्या आईला सांगितलं, ‘थोडं मोकळं होऊन रडलात तरी चालेल.’ ती रडली नाही. नुसती बघत राहिली मालकांकडे. दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘अश्रूही आटले.’ काही केलं तरी त्यांचं बरोबरच येतं.

ठकीला गाडीत बसवून मी सांगितलं, बाबांचं कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही. ती म्हणाली, ‘मला माहितीये. आईने विमानात पाठ करून घेतलंय.’

ठकीच्या आईला मी कपडेपटात लावून घेतलंय. इस्त्री करते. इतकी दाबून करते की परवा एक कॉलर जळली.

तुझं काय चाललंय ते लिही. महिनाभर पत्र नाही.

ताई

५ सप्टेंबर

ताई,

हे पत्र एका ट्रकवाल्याच्या हाती देतोय, तो सीमेपलीकडच्या पेटीत टाकेल. म्हणून मोकळं लिहितो. यानंतर असं लिहिता येणार नाही.

बायको-पोर गेल्यावर मी एकटा पुरुष ठरलो. एकट्या पुरुषांची छावणी वेगळी, डोंगरात. रस्त्यासाठी खडी फोडतो. तीन बोटांत छिन्नी धरायची एक पद्धत मला सापडलीये, लोक बघायला येतात. इथे मला कुणी ओळखत नाही. विडी मागायचीही चोरी.

इथे पत्रं फोडून वाचतात, येणारी आणि जाणारी दोन्ही. खोट्या नावाने कुणी आत आलंय का ते शोधतात. सापडला तर त्याला परत पाठवतात, आणि त्याच्या नावावर जे कुणी बाहेर गेले त्यांनाही. म्हणून यापुढे मी खरोखरच दीर. ठकीच्या आईला सांग, ‘भाऊजी’ म्हणून लिही. तुलाही पत्र नको. बहिणीचं मन अक्षरात दिसतं.

मालकांना माझी आठवण करून दे. ‘शांत झाल्यावर’ म्हणाले होते. किती शांत झालं ते विचार.

तुझा धाकट्या

३० ऑक्टोबर

भाऊजींना,

मी इथे बरी आहे. ठकी बरी आहे, वजन वाढलं. वन्सं माझी काळजी घेतात.

तुमच्या हमीपत्राचा विषय मी मालकांकडे दोनदा काढला. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, या वर्षी नको, लोक तुमच्या चेहऱ्यात तुमच्या भावाचं साम्य शोधतील. मी म्हटलं, सापडेल. 

गेल्या शनिवारी इथे दुसरा मोठा कार्यक्रम झाला. या वेळी चाळीस कलाकार होते. स्टेजवर एक रिकामी खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर तुमच्या भावाचं व्हायोलिन. मला पांढरा पोशाख दिला. तो वन्संनीच शिवला, शिवताना दोनदा बोटात सुई गेली. मला सांगितलं होतं, खुर्चीशेजारी उभं राहायचं, बोलायचं काही नाही. मी तशीच उभी होते. मालक गायले. मग त्यांनी लोकांना विचारलं, ‘या माउलीने काय गमावलंय ते तुम्ही जाणता ना?’

भाऊजी, मला ते सहन झालं नाही. मालकांच्या समोर बोलायचं यंत्र होतं, मी पुढे गेले आणि त्यात म्हटलं, ‘माझे यजमान जिवंत आहेत.’

कुणी हललं नाही. म्हणून मी परत म्हटलं, मोठ्याने. ‘ते मेलेले नाहीत. ते जिवंत आहेत.’

आणि सगळं थिएटर उभं राहिलं. टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पुढच्या रांगेतली एक बाई छातीवर हात ठेवून म्हणत होती, ‘हो, हो, जिवंत आहेत, आमच्या मनात आहेत.’ मालकांचा चेहरा आधी पांढरा पडला होता. मग टाळ्या ऐकून त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी माझा हात धरून वर केला आणि म्हणाले, ‘ऐकलंत? कलावंत कधी मरत नसतो!’ लोक आणखी रडायला लागले.

मी विंगेत वन्संकडे बघितलं. त्या मान हलवत होत्या, बास, आता बास, म्हणून.

खाली आल्यावर चिटणीस बाईंनी मला मिठी मारली. म्हणाल्या, इतकं सुंदर आम्हाला लिहूनही देता आलं नसतं.

तुमच्या तिकडे ऐकू आलं की नाही, कळवा.

ठकीची आई

१८ नोव्हेंबर

वहिनी,

ऐकू आलं. इथेही कर्णा आहे, एकच आहे आणि तो फाटलेला आहे, पण तुमचा आवाज ओळखू आला. खडीच्या ढिगावर आम्ही साठ-सत्तर जण बसलो होतो. तुम्ही बोललात आणि इथल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी एक गवंडी बसतो, कधी कुणाशी बोलत नाही. त्याने डोळे पुसले आणि मला म्हणाला, ‘नशीबवान होता. मागे असं बोलणारं कुणी आहे.’ मी म्हटलं, हो. मीही टाळ्या वाजवल्या. हातमोजा घालून वाजवल्या, म्हणून आवाज आला नाही.

माझ्या भावाला हे ऐकून फार बरं वाटलं असतं. तो तुमच्याशी कधी चार शब्द गोड बोलला नसेल. हातात कला होती आणि तोंडात नुसती चेष्टा. त्याच्या वतीने मी सांगतो, तुम्ही बोललात ते त्याला पोचलं असं समजा.

पण वहिनी, यापुढे तसं बोलू नका. एकदा म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात. पुन्हा म्हटलं की एखादा चौकशीला निघतो. ठकीच्या छातीचा विचार करा. डॉक्टरने थंडीच्या आत म्हटलं होतं, आणि इथे काल पाण्याच्या पिंपावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

मालकांना माझ्यासाठी आता विचारू नका. तुम्ही पदर पसरायचा आणि त्यांनी विचारात पडल्यासारखं करायचं, हे मला इथे बसून दिसतं आणि त्या दिवशी खडी नीट फुटत नाही. दिराचं नातं कायद्यात बसत नाहीच. वसंतानंतर एकट्या पुरुषांना कुठे पाठवणार ते अजून सांगितलेलं नाही. काहींना परत पाठवणार म्हणतात. नेतील तिकडे जाईन.

ठकीला लिहायला येत असेल तर तिच्या अक्षरात दोन ओळी पाठवा. तेवढं मागतो.

तुमचा धाकटा दीर

२० डिसेंबर

प्रिय काका,

मी ठकी. मला आता जोडाक्षरं येतात. आई म्हणाली काकांना पत्र लिही म्हणून लिहिते.

माझा खोकला गेला. मी शाळेत धावण्यात तिसरी आले. आत्याने मला हिरवा फ्रॉक शिवला, तो आता आखूड होतो म्हणून खाली पट्टी जोडली. आई इस्त्री करते. आई कमी बोलते पण रागावत नाही.

आमच्या शाळेच्या गाण्याच्या खोलीत माझ्या बाबांचा फोटो लावलाय. सोमवारी सगळी मुलं फोटोसमोर उभी राहतात आणि मला पुढे उभं करतात. बाबांचं व्हायोलिन थिएटरच्या दारात काचेच्या कपाटात ठेवलंय. लोक तिथे फुलं ठेवतात. आम्ही गेलो की आम्हाला रांगेत थांबावं लागत नाही.

काका, तुम्ही माझ्या बाबांचे भाऊ आहात, म्हणून तुम्हाला त्यांची आठवण येत असेल. मला पण येते. बाबा मला खांद्यावर घ्यायचे. तुमच्या तिकडे थंडी आहे का? तुम्ही पायांत दोन मोजे घालत जा.

तुम्हाला सुट्टी मिळाली तर आमच्याकडे या. मी तुम्हाला बाबांचा फोटो दाखवीन.

हे पत्र आधी आईने वाचलं, मग आत्याने दोनदा वाचलं. आत्या म्हणाली, एकही चूक नाही.

तुमची पुतणी,
ठकी